किडनीचा कॅन्सर पसरल्यावर कोणतं औषध? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅन्सरची औषधं देणारी डॉक्टर आहे. किडनीचा कॅन्सर शरीरात इतरत्र पोचलेला असतो, तेव्हा ओपीडीत येणारं कुटुंब बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतं: "मॅडम, यातलं सगळ्यात चांगलं औषध कोणतं?" उत्तर नीट द्यायचं तर अर्धा तास लागतो आणि बाहेर बाकावर माणसं सकाळपासून ताटकळलेली असतात. म्हणून हे निवांत लिहून काढलं. हे वाचून औषध स्वतः ठरवू नका. पण तुमच्या डॉक्टरांनी एखादं नाव लिहिलं तर ते का लिहिलं, हे विचारण्याची तयारी यातून नक्की होईल.

चौथी स्टेज म्हणजे सगळं संपलं का?

नाही. चौथी स्टेज म्हणजे कॅन्सर फुप्फुस, हाडं, लिव्हर, मेंदू अशा दूरच्या ठिकाणी गेला आहे. फुप्फुसात गाठ दिसली तरी तो फुप्फुसाचा कॅन्सर नसतो, किडनीचाच असतो, आणि औषधंही किडनीचीच लागतात. बहुतेकांचा आजार मुळापासून जात नाही, तो ताब्यात ठेवायचा असतो. पण हा ताबा आता कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं टिकतो. काहींचा आजार तर इतका सावकाश वाढतो की औषध लगेच सुरू न करता दर तीन महिन्यांनी स्कॅन करून लक्ष ठेवलं तरी चालतं. "डॉक्टर काहीच करत नाहीत" असं तेव्हा घरच्यांना वाटतं. तसं नसतं, तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

बाकी कॅन्सरला केमो देतात, मग इथे का नाही?

किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरवर केमो जवळजवळ चालतच नाही. या प्रकाराला क्लिअर सेल म्हणतात आणि दर चार रुग्णांपैकी साधारण तिघांना तो असतो. यात व्हीएचएल नावाचं जनुक बहुधा बिघडलेलं असतं. निरोगी पेशीला प्राणवायू कमी पडला की हिफ हे प्रथिन वाढतं आणि नव्या रक्तवाहिन्या मागवतं. प्राणवायू पुरेसा झाला की व्हीएचएल त्या हिफला मोडून टाकतं. व्हीएचएलच बिघडलं तर हिफ साठत जातं आणि गाठ सतत नवा रक्तपुरवठा ओढत राहते. पेशीला प्राणवायूची चाहूल कशी लागते हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. हा रक्तपुरवठा तोडणाऱ्या गोळ्या हा औषधांचा पहिला मोठा गट.

दुसरा गट इम्युनोथेरपीचा. आपल्या प्रतिकारशक्तीला स्वतःच्याच शरीरावर धावून जाऊ नये म्हणून ब्रेक असतात, आणि कॅन्सर नेमके तेच ब्रेक दाबून धरतो. हे ब्रेक सोडवणारी इंजेक्शनं सलाईनमधून देतात. त्यामागच्या शोधासाठी ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

औषधांची नावं काय आहेत?

गोळ्यांमध्ये सोराफेनिब, सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, ॲक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब आणि लेनव्हॅटिनिब. इम्युनोथेरपीत निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब आणि इपिलिमुमॅब ही मुख्य. २००५ पर्यंत हातात फक्त इंटरफेरॉन आणि इंटरल्यूकिन ही प्रतिकारशक्ती चेतवणारी जुनी औषधं होती, म्हणजे त्रास भरपूर आणि उपयोग थोड्यांनाच. २००७ मध्ये सुनिटिनिबची इंटरफेरॉनशी तुलना प्रसिद्ध झाली. इंटरफेरॉनवर आजार सुमारे ५ महिने थोपत होता, सुनिटिनिबवर ११ महिने. त्यानंतर दहाएक वर्षं सुनिटिनिब हेच मोजमाप ठरलं. पुढचा प्रश्न वाचताना एवढी गोष्ट लक्षात असू द्या.

मग सगळ्यात चांगलं कोणतं? इंटरनेटवर प्रत्येकाचे आकडे वेगळे दिसतात.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आज पहिल्या टप्प्यात दोन औषधांच्या चार जोड्या जास्त वापरल्या जातात. तिघींचे आकडे इथे देते, चौथीबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे. चारही जोड्या मोठ्या चाचण्यांमधून आल्या आणि चारही चाचण्यांत तुलना सुनिटिनिबशीच झाली. एका जोडीची दुसऱ्या जोडीशी समोरासमोर लढत या चाचण्यांत झालेलीच नाही.

पेम्ब्रोलिझुमॅब आणि ॲक्सिटिनिब या जोडीवर (कीनोट-४२६ चाचणी, ८६१ रुग्ण) आजार थोपण्याचा मध्यक १५.१ महिने आला, म्हणजे निम्म्या लोकांचा आजार त्याहून जास्त काळ थोपला. निव्होलुमॅब आणि कॅबोझँटिनिबवर (चेकमेट-९ईआर, ६५१ रुग्ण) १६.६ महिने. पेम्ब्रोलिझुमॅब आणि लेनव्हॅटिनिबवर (क्लिअर चाचणी) २३.९ महिने. हे वाचून कोणीही म्हणेल, तिसरी जोडी सरळ सरळ सरस आहे. पण त्याच चाचण्यांत सुनिटिनिबचं काय झालं ते बघा. पहिल्या चाचणीत ११.१ महिने, दुसरीत ८.३, तिसरीत ९.२. गोळी तीच, डोस तोच, तरी आकडा बदलला, कारण माणसं वेगळी होती. क्लिअर चाचणीत सौम्य गटातले रुग्ण (हा गट कसा ठरतो ते पुढच्या प्रश्नात) ३१ टक्क्यांच्या आसपास होते, ९ईआरमध्ये साधारण २३ टक्के. एका शाळेतल्या मुलाचे मार्क दुसऱ्या शाळेतल्या मुलाच्या मार्कांशी ताडून बघावेत, तसं हे होतं. पेपरही वेगळा आणि तपासणारेही वेगळे.

अशा वेळी संख्याशास्त्रज्ञ सुनिटिनिबला मध्ये धरून सगळ्या औषधांची अप्रत्यक्ष तुलना करतात. कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये ३६ चाचण्या एकत्र घेऊन हेच केलं. अशा तुलनेतून एवढं ठाम कळतं की जोड्या नुसत्या सुनिटिनिबपेक्षा सरस आहेत. जोड्याजोड्यांमधला लहानसहान फरक मात्र त्यातून पक्का होत नाही. म्हणून कोणी छातीठोकपणे "हीच जोडी नंबर एक" म्हणालं, तर "कोणाशी तुलना करून? कोणत्या रुग्णांमध्ये?" हे दोन प्रश्न जरूर विचारा.

"रिस्क ग्रुप" म्हणजे काय? फाइलवर "इंटरमीडिएट" लिहिलंय.

सहा गोष्टी बघतात. निदान होऊन एक वर्षाच्या आत औषध सुरू करावं लागलं का, रोजची कामं स्वतः करणं जड जातंय का, हिमोग्लोबिन कमी आहे का, आणि रक्तातलं कॅल्शियम, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) व प्लेटलेट वाढलेले आहेत का. यातलं एकही नसेल तर सौम्य गट, एक किंवा दोन असतील तर मधला आणि तीनपासून पुढे गंभीर. साध्या रक्ततपासणीवर आणि बोलण्यावर हे ठरतं, त्यासाठी महागडी जनुकीय चाचणी लागत नाही. फाइलवर गट लिहिलेला नसेल तर विचारून लिहून घ्या, कारण पुढचे निर्णय बरेचसे त्यावरच होतात.

दोन इम्युनोथेरपी एकत्र घ्यायच्या, की एक इम्युनोथेरपी आणि एक गोळी?

चौथी जोडी म्हणजे निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब. दोन्ही इंजेक्शनं दर तीन आठवड्यांनी चार वेळा, त्यानंतर एकटं निव्होलुमॅब. १,०९६ रुग्णांच्या चेकमेट-२१४ चाचणीत मधल्या आणि गंभीर गटातल्या लोकांना तिचा स्पष्ट फायदा झाला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर या गटांत आयुर्मानाचा मध्यक ४६.७ महिने होता, सुनिटिनिबवर २६ महिने. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले. "तुमच्याकडे ४६ महिने आहेत" असा त्याचा अर्थ कधीच नसतो.

या जोडीचं बळ टिकाऊपणात आहे. ज्यांना ती लागू पडते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ती वर्षानुवर्षं साथ देते, आणि गोळीचा रोजचा जाचही नसतो. पण सुमारे पाचातल्या एकाचा आजार पहिल्या स्कॅनलाच वाढलेला दिसतो. गोळी असलेल्या जोड्यांमध्ये हे प्रमाण कमी आहे आणि गाठ आक्रसण्याचं प्रमाण जास्त. क्लिअर चाचणीत तर ७१ टक्के लोकांच्या गाठी ठरलेल्या मापाने लहान झाल्या.

माझा कल सांगते. माणूस धापा टाकतोय, मणका दुखतोय, गाठ एखाद्या मोठ्या नसेला रेटतेय, म्हणजे थांबायला वेळच नाही, अशा वेळी मी गोळी असलेली जोडी निवडते. आजार आहे पण माणूस चालता-बोलता आहे आणि गट मधला किंवा गंभीर आहे, तर दोन इम्युनोथेरपींचा विचार आधी करते. तिन्ही औषधं एकत्र देऊनही पाहिलंय (कॉस्मिक-३१३ चाचणी). आजार थोडा जास्त काळ थोपला, त्रास बराच वाढला, आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

आम्हाला इंजेक्शनं परवडणार नाहीत. नुसत्या गोळीवर उपचार म्हणजे उपचार न केल्यासारखंच का?

अजिबात नाही, आणि हे मला मनापासून सांगायचंय. सौम्य गटात जोड्यांनी गाठी जास्त आक्रसल्या, पण या चाचण्यांत सुनिटिनिबपेक्षा आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. त्या गटात नुसत्या गोळीने सुरुवात करणं हा सन्मानाने घेता येईल असा निर्णय आहे. मधल्या आणि गंभीर गटात जोडीचा फायदा खरा आहे, पण ती शक्यच नसेल तर गोळी बराच काळ आधार देते.

एकदा बीडकडचे एक काका आले होते. पुढ्यात बसल्या बसल्या त्यांच्या मुलाने पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला. "दोन एकर काढतो मॅडम, तुम्ही फक्त चालू करा." काकांचा गट सौम्य होता. मी सातबारा घडी घालून परत त्यांच्या पिशवीत ठेवला आणि पॅझोपॅनिब लिहून दिलं. जमीन विकण्याआधी डॉक्टरांना रोखठोक विचारा: माझ्या गटात या महागड्या औषधाने किती जादा फायदा होईल, आणि पैसे मध्येच संपले तर काय? चार महिन्यांत थांबवावी लागणारी महाग जोडी निवडण्यापेक्षा शेवटपर्यंत निभावेल असा उपचार बरा.

गोळ्या स्वस्त कशा झाल्या, यात मुंबईचाही वाटा आहे. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च एकेकाळी सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईतल्या पेटंट नियंत्रकांनी भारतातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट दुसऱ्या कंपनीचं असतानाही औषध बनवण्याची परवानगी, दिला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध महिना ८,८८० रुपयांना विकण्याची मुभा मिळाली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. सुनिटिनिब आणि पॅझोपॅनिबही आता जेनेरिक स्वरूपात मिळतात. दुकानांमध्ये भावाचा फरक मोठा असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. आधी खर्च करून मागाहून योजनेत शिरू म्हटलं तर अवघड जातं.

टाटामध्ये कमी डोसची स्वस्त इम्युनोथेरपी देतात असं ऐकलंय. आम्हाला चालेल का?

टाटा मेमोरियलची ती चाचणी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवर होती. नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब इतर औषधांबरोबर दिलं आणि लोक जास्त जगले. आपल्याकडच्या रुग्णांसाठी हे फार मोलाचं काम आहे. पण किडनीच्या कॅन्सरला तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. डॉक्टरांनी हा पर्याय सुचवला तर तो कोणत्या पुराव्यावर, हे समजून घ्या.

सुनिटिनिब की पॅझोपॅनिब?

यांची समोरासमोर तुलना झालेली आहे. १,१०० हून जास्त लोकांमध्ये परिणाम जवळपास सारखाच निघाला. सुनिटिनिबवर थकवा आणि हातापायांची आग जास्त, पॅझोपॅनिबवर लिव्हरचे आकडे जास्त वेळा बिघडतात. दुसऱ्या एका अभ्यासात रुग्णांना न सांगता दोन्ही औषधं आलटून पालटून दिली आणि मग पसंती विचारली. ७० टक्क्यांनी पॅझोपॅनिब निवडलं, २२ टक्क्यांनी सुनिटिनिब. लिव्हर ठीक असेल तर मीही बहुधा पॅझोपॅनिबकडे झुकते.

एक खबरदारी घ्या. पॅझोपॅनिब आणि कॅबोझँटिनिब रिकाम्या पोटीच घ्यायच्या असतात. एका आजींना महिनाभर जबर मळमळ आणि जुलाब होत होते. विचारपूस केल्यावर कळलं, की "एवढी स्ट्राँग गोळी उपाशीपोटी कशी द्यायची" म्हणून सूनबाई रोज पोह्यांबरोबर देत होत्या. काळजीपोटीच केलेलं, पण पोटात अन्न असलं की ही गोळी रक्तात जास्त उतरते. पॅझोपॅनिब जेवणाआधी निदान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी.

गोळ्यांचे कोणते त्रास घरी सांभाळायचे?

हात आणि तळपाय. तळपायाला आधी मुंग्या, मग आग, मग घट्ट पिवळट कातडी आणि भेगा. बायकांना भाकरी थापता येत नाही, पुरुषांना चप्पल सोसवत नाही. गोळी सुरू व्हायच्या आधीच टाचांची जाड कातडी काढून घ्या, रोज रात्री युरियाचं क्रीम लावून सुती मोजे घाला, गरम पाण्यात पाय बुडवू नका. चालणं अवघड झालं तर गोळी काही दिवस थांबवून डोस कमी करता येतो. डोस कमी झाला म्हणजे उपचार फसला असं नाही. सुनिटिनिबच्या पन्नास मिलिग्रॅमवरून साडेसदतीसवर आलेली माणसं वर्षानुवर्षं व्यवस्थित राहिलेली मी पाहिली आहेत.

बीपीचं मशीन घरात हवंच. एका वहीत तारीख, सकाळचं बीपी, संध्याकाळचं बीपी, जुलाब किती वेळा, एवढं लिहा. ती वही माझ्यासाठी अर्ध्या तपासणीइतकी कामाची असते. १४०/९० च्या वर सलग राहिलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, फोन करा. थकवा वाढत गेला तर थायरॉइड तपासून घ्या, ते मंदावणं या गोळ्यांवर नेहमीचं आहे. केस पांढरे होतात, सुनिटिनिबवर कातडी पिवळसर दिसते. ती कावीळ असेलच असं नाही. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला तर मात्र लगेच दाखवा.

आणि इम्युनोथेरपीचे?

सोडलेले ब्रेक कधीकधी स्वतःच्याच शरीरावर उलटतात. आतडं, फुप्फुस, लिव्हर, थायरॉइड, किडनीवरची ॲड्रिनल ग्रंथी, क्वचित हृदय, कुठलाही अवयव सुजू शकतो. हे पहिल्या आठवड्यात होऊ शकतं, तसं औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीही. नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा शौचाला जावं लागणं, नवा कोरडा खोकला, दम लागणं, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी कळवा. गल्लीतल्या दवाखान्यात जुलाबाची गोळी घेऊन चार दिवस काढणं धोक्याचं ठरतं, कारण यावर वेळेत स्टेरॉइड लागतात. पाकिटात "मी इम्युनोथेरपी घेत आहे" अशी चिठ्ठी ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला ती आधी दाखवा.

पेम्ब्रोलिझुमॅब आणि ॲक्सिटिनिब दोन्ही चालू असताना जुलाब लागले तर दोष कोणाचा? ॲक्सिटिनिब शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ते दोन-तीन दिवस थांबवतात. जुलाब आटोपले तर गोळीचे, नाही आटोपले तर इम्युनोथेरपीचा संशय. हा निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा चालेल ना?

कृपा करून नको. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची मुंबईतल्या डॉक्टरांनी शास्त्रीय नोंद केली आहे. त्यात या गोळ्या आणि इम्युनोथेरपी दोन्ही लिव्हर बिघडवू शकतात. आकडे वाढले की दोष कोणाचा हे कळत नाही आणि चालणारं औषध थांबवावं लागतं. घरात काही सुरू केलंच असेल तर लपवू नका, मी रागावणार नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट हेही या गोळ्यांबरोबर टाळा.

आधी किडनी काढायची का?

पूर्वी सर्रास काढत. २०१८ मध्ये फ्रान्समधून आलेल्या कार्मेना चाचणीत, मधल्या आणि गंभीर गटातल्या लोकांना नुसतं सुनिटिनिब देणं हे ऑपरेशन करून मग सुनिटिनिब देण्यापेक्षा कमी ठरलं नाही. म्हणून आज बहुतेकांना आधी औषध. दूर पसरलेला आजार अगदी थोडा असेल, लघवीतून रक्त थांबत नसेल किंवा औषधाने छान फरक पडला असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो.

एकच किडनी उरलीय, क्रिएटिनीन वाढलेलं आहे. औषध झेपेल?

बहुधा हो. इम्युनोथेरपीची औषधं किडनीवाटे बाहेर पडत नाहीत आणि गोळ्या मुख्यतः लिव्हरमध्ये पचतात. लघवीतून प्रथिनं जातात का, ते अधूनमधून तपासावं लागतं.

बायोप्सीत "पॅपिलरी" लिहून आलंय.

हा वेगळा प्रकार, वरचे बरेच आकडे याला लागू नाहीत. यात कॅबोझँटिनिबने सुनिटिनिबपेक्षा चांगलं काम केलं, आजार ९ महिने थोपला, सुनिटिनिबवर ५.६.

पहिलं औषध चालेनासं झालं तर पुढे काय?

पुढे वाट असते. इम्युनोथेरपीनंतर सहसा न वापरलेली गोळी देतात, बऱ्याचदा कॅबोझँटिनिब, किंवा लेनव्हॅटिनिब आणि एव्हरोलिमस नावाची आणखी एक गोळी एकत्र. इम्युनोथेरपीवर आजार वाढल्यावर गोळीच्या जोडीला पुन्हा तशीच इम्युनोथेरपी दिल्याने फायदा झाला नाही, हे २०२३ च्या कॉन्टॅक्ट-०३ चाचणीने दाखवलं. तेव्हा "अजून एकदा तेच महाग इंजेक्शन घेऊन बघू" असं कोणी सुचवलं तर थांबून विचारा. बेल्झुटिफॅन ही नवी गोळी थेट हिफवर काम करते. अमेरिकेत तिला डिसेंबर २०२३ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. तिच्यावर हिमोग्लोबिन उतरतं आणि रक्तातला प्राणवायू कमी होऊ शकतो.

बाबांना सांगायचं का? त्यांना वाटतंय किडनीत इन्फेक्शन आहे.

मुलं मला दाराबाहेर गाठून हे विचारतात. माझा अनुभव असा, की बाबांना बहुतेक वेळा कळलेलं असतं आणि तेही मुलांसाठी गप्प असतात. शिवाय या औषधांत तळपायाची आग, खोकला, जुलाब हे स्वतः ओळखून सांगावं लागतं. इन्फेक्शनची गोळी समजणारा माणूस ते सांगत नाही, सोसत राहतो. सगळे आकडे सांगायची गरज नाही. पण आजाराचं नाव आणि औषधाचं नाव त्यांना माहीत हवं.

दुसरं मत घ्यायला जाताना काय न्यावं?

स्कॅनची सीडी, नुसता छापील रिपोर्ट नाही. बायोप्सीचा रिपोर्ट आणि शक्य असेल तर ब्लॉक व स्लाइड (बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा आणि त्याच्या काचपट्ट्या), त्या मूळ लॅबमधून लेखी अर्ज करून मिळतात. सुरुवातीच्या रक्ततपासण्या, म्हणजे औषध चालू व्हायच्या आधीच्या, कारण गट त्यावरूनच ठरतो आणि नेमका तोच कागद घरी राहतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट. आणि ती बीपीची वही.